किनाऱ्याशी झुंजणारी नौका : 'टेरर'चे विस्मृत युद्ध

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश नौदल म्हटले की 'हूड' आठवते, 'बिस्मार्क'चा पाठलाग आठवतो. 'टेरर' सहसा कोणाला आठवत नाही. तिचे रूपही याला थोडे कारणीभूत असावे. लांबी सुमारे १२३ मीटर, रुंदी तब्बल २७ मीटर, एकच अवाढव्य तोफबुरूज आणि वेग ताशी बारा सागरी मैलांच्या आसपास! पण ही नौका समुद्रावरील लढाईसाठी बांधलेलीच नव्हती. ती 'मॉनिटर' होती, म्हणजे तरंगता तोफखाना. तिचे लक्ष्य जमिनीवर असे. बॅटलशिपच्या फूटपट्टीने तिला मोजणे हा मुळातच अन्याय आहे.

१९१६ साली बेलफास्ट येथे तिचे जलावतरण झाले. तिच्या दोन १५ इंची तोफांचा एकेक गोळा सुमारे ८७० किलो वजनाचा असे. एवढ्या तोफा वाहणाऱ्या बॅटलशिपला खोल पाणी लागते. 'टेरर'चे बूड मात्र जेमतेम साडेतीन मीटर पाण्यात असे. त्यामुळे बेल्जियमच्या उथळ, वाळूच्या दांड्यांनी भरलेल्या किनाऱ्याजवळ तिला जाता येई. गोळा कोठे पडला हे नौकेवरून दिसत नसे. म्हणून डोव्हर पथकाने आरंभी उथळ समुद्रात तिपाया उभारून त्यांवर निरीक्षक बसवले. पुढे हे काम विमानांकडे आले. मे १९१७ मध्ये 'टेरर', 'एरेबस' आणि 'मार्शल सूल्ट' यांनी झीब्रुगवर केलेला मारा याच पद्धतीचा होता.

तिचा बेढबपणा निरर्थक नव्हता. पाण्याखालच्या दोन्ही कुशींना पाणतीरांपासून बचावासाठी रुंद फुगवटे होते. त्यांनी वेग खाल्ला, पण ऑक्टोबर १९१७ मध्ये डंकर्कजवळ तीन पाणतीर लागूनही ती बुडाली नाही. दुरुस्त होऊन एप्रिल १९१८ च्या झीब्रुग छाप्याच्या वेळी ती पुन्हा तोफा डागत होती.

दोन युद्धांमधील काळ तोफखान्याचे प्रशिक्षण आणि सिंगापूरचा नौतळ यांत गेला. १९४० मध्ये ती माल्टात आली आणि इटलीने युद्धात उडी घेताच विमानविरोधी तोफा चालवू लागली. तिच्या आयुष्याचा खरा मोलाचा भाग यानंतरचा आहे. डिसेंबर १९४० मध्ये ब्रिटिशांनी इजिप्तच्या वाळवंटात इटालियन सैन्यावर चढाई केली. ९ डिसेंबरच्या पहाटे निबेवाच्या छावणीवर चौथी भारतीय डिव्हिजन तुटून पडली; त्याआधीच्या रात्री 'टेरर'ने 'एफिस' या गनबोटीसह किनाऱ्यावरील मक्तिलाच्या छावणीवर मारा केला होता. पुढे बार्दिया, मग तोब्रुक. सैन्य किनाऱ्याने पश्चिमेकडे सरके, तशी नौकाही सरके. सोलूमला तर तिने तहानलेल्या सैन्यासाठी गोडे पाणीही वाहून नेले. पंधरा इंची तोफांची नौका आणि पाणक्याचे काम! वाळवंटात ते तोफगोळ्याइतकेच महत्त्वाचे होते.

एवढ्या माऱ्याने तोफांच्या नळ्यांतील आटे झिजून गेले. बरेचसे गोळे लक्ष्य गाठण्याआधी हवेतच फुटू लागले. तेव्हा मुख्य तोफा जवळजवळ निरुपयोगी झालेली ही नौका फेब्रुवारी १९४१ मध्ये विमानविरोधी संरक्षणासाठी बेनगाझीच्या बंदरात आणण्यात आली. याच सुमारास ग्रीसच्या मोहिमेसाठी विमाने आणि विमानविरोधी तोफा तिकडे वळवल्या जात होत्या आणि जर्मन विमानदल लिबियावर घिरट्या घालू लागले होते. ज्या नौकेला स्वतःलाच लढाऊ विमानांचे छत्र हवे होते, तिलाच बंदराचे छत्र बनवणे ही वरिष्ठांची चूक होती. नौकेच्या रचनेला त्याचा दोष देता येत नाही.

२२ फेब्रुवारीच्या हवाई हल्ल्यात तिला इजा झाली. बंदर सोडताना जवळच सुरुंग फुटले आणि पाणी आत शिरले. २३ तारखेच्या संध्याकाळी डेर्नाजवळ पुन्हा बॉम्ब पडले. दोर बांधून तिला ओढून नेण्याचा प्रयत्न फसला आणि २४ च्या पहाटे ती बुडाली.

अशा नौका कालबाह्य झाल्या होत्या, असे यावर म्हटले जाते. खुद्द नौदलाला तसे वाटत नव्हते. 'टेरर' बुडाली त्याच वर्षी 'रॉबर्ट्स' हा नवा मॉनिटर सेवेत आला. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या स्वोर्ड किनाऱ्यासमोर तिने जर्मन तोफखान्यांवर मारा केला. तिचा १५ इंची बुरूज नवा नव्हता. तो झीब्रुगसमोर 'टेरर'च्या सोबतीने लढलेल्या 'मार्शल सूल्ट'वरून काढून बसवलेला होता.