शुश्रूषा ही विद्या आहे, वेठ नव्हे

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने जर्जर झालेला एक भिक्षू स्वतःच्या मलमूत्रात पडला होता आणि त्याची वास्तपुस्त कोणीही करीत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाकडून पाणी आणविले, त्यास स्नान घातले व दोघांनी मिळून उचलून शय्येवर निजविले. पुढे तथागतांनी चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले. मलमूत्राची किळस नसणे हा त्यांतील एक; परंतु औषध सिद्ध करण्याची पात्रता व पथ्यापथ्याचे ज्ञान यांना त्यांनी आधी स्थान दिले. करुणेस विद्येची जोड हवी, हाच त्याचा अर्थ होय.

बौद्ध मातापित्यांनी याचा विचार करावा. मुलगी परिचारिका होऊ म्हणते, तेव्हा “रक्तामलाचे काम पुन्हा आपल्याच वाट्याला का?” असा प्रश्न काही घरांत निघतो. तो अगदीच निराधार नाही. आपण मेलेली ढोरे ओढणे सोडले, कारण ते काम ज्ञानावाचून, न्याय्य मोबदल्यावाचून आणि जन्माच्या आधारे लादलेले होते. शुश्रूषा ही स्वेच्छेने शिकलेली विद्या आहे. मात्र शिक्षण व अधिकार न देता केवळ राबविले, तर तीही पांढऱ्या वस्त्रातील वेठच ठरेल.

औरंगाबादजवळील, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळील, शेंद्रा औद्योगिक वसाहतीचे उदाहरण घ्या. यंत्रात हात सापडला किंवा विजेचा धक्का बसला, तर जखमी कामगारास शहरातील घाटी रुग्णालयापर्यंत नेईतो मोलाची मिनिटे निघून जातात. त्या वेळी डॉक्टर जवळ असेलच असे नाही. श्वासमार्ग मोकळा करणे, वाहते रक्त घट्ट दाबून थांबविणे, हृदय बंद पडल्यास मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबणे, यांस मोठी यंत्रसामग्री लागत नाही. शिकलेला हात लागतो. साधने तुटपुंजी असलेल्या ठिकाणांसाठी जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समिती यांनी २०१८ साली अशा प्राथमिक तातडीच्या उपचारांचा अभ्यासक्रम सिद्ध केला आहे. मार्ग ठाऊक आहे. इच्छाशक्तीचा प्रश्न आहे.

पाचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात उपचारकक्ष व परिचारक वर्ग असावा, असे १९४८ च्या कारखाना कायद्याने सांगितले. उपचारकक्षाचा दंडक २०२० च्या संहितेतही आहे. परंतु खोली व खाट म्हणजे उपचार नव्हेत. हाताचे कौशल्य सरावावाचून काही महिन्यांत ओसरते. म्हणून प्रत्येक परिचारिकेस हे शिक्षण पगारी वेळेत मिळावे, ठराविक काळाने उजळणी व्हावी आणि डॉक्टर येईपर्यंत काय करावयाचे याचा लेखी अधिकार तिच्या हाती असावा. कंत्राटावरील परिचारिकेसही यातून वगळता कामा नये.

कामगार संघटनांनी ही मागणी लावून धरावी. मातापित्यांनी मुलींस या विद्येकडे निःशंकपणे पाठवावे. पण पाठविताना तिचा मान, तिचे वेतन व तिचे हक्क यांचा आग्रह सोडू नये. शिका आणि संघटित व्हा, हा बाबासाहेबांचा आदेश रुग्णाच्या खाटेशीही तितकाच लागू आहे.