चारी आणि गेटवे

आमच्या सिद्धेश्वरला पूर्णा नदीवर धरण आहे, त्याच्या वर येलदरीचं. पण शेताला त्यातलं काही ठाऊक नसतं. त्याची गाठ फक्त बांधावरच्या चारीशी. लिनक्समधला डिफॉल्ट गेटवे तसाच. ओळखीचा नसलेला पत्ता राउटरकडे सोपवायचा, पुढचं तो बघतो.

मध्यंतरी भाच्याच्या संगणकाला घरातला प्रिंटर दिसे, बाहेरचं जग नाही. सगळे म्हणाले, "नवीन घ्या." मी 'आयपी रूट' टाकून पाहिलं, तर 'डिफॉल्ट'ची ओळच नव्हती! 'आयपी रूट अ‍ॅड डिफॉल्ट व्हाया १९२.१६८.१.१' लिहिलं, आणि झालं. रीस्टार्टनंतर ही ओळ पुसली जाते, म्हणून सेटिंगमध्येही भरली.

मला वाटतं, पोरांना हे एकदा तरी हाताने करू द्यावं. नाहीतर चारी तुंबली तरी आपण धरणालाच नावं ठेवत बसू.