पासोडीवरील अक्षर आणि आपला अंगठा

अंबाजोगाईस योगेश्वरीच्या दर्शनाला जाणारे भाविक सहसा मुकुंदराजांच्या समाधीपर्यंत जातात. त्याच गावातील दासोपंतांची पासोडी मात्र थोड्यांच्याच पाहण्यात असते. दासोपंतांनी (१५५१-१६१५) ‘पंचीकरणा’च्या सुमारे १६०० ओव्या जवळजवळ ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा जाड्याभरड्या कापडावर स्वहस्ते लिहिल्या. त्यांच्या ‘गीतार्णवा’ची ओवीसंख्या तर सव्वा लाख सांगितली जाते. त्यांना रोज ढबू पैशाची शाई लागे, अशी आख्यायिका आहे. कापडावर उमटलेली शाई पुसता येत नाही. ओवी आधी मनात पूर्ण व्हावी लागे, मगच बोरू टेकवता येई.

आज आपला लेखनव्यवहार नेमका उलट क्रमाने चालतो. आधी पडद्यावर अक्षरे उमटतात, विचार नंतर सुरू होतो. कित्येकदा होतही नाही. भ्रमणध्वनीवर आलेला मजकूर पूर्ण न वाचता आपण शंभर जणांना पाठवतो. ज्यातील एक अक्षरही आपण लिहिलेले नाही, त्याची जबाबदारी मात्र नकळत आपल्या नावावर जमा होते. आता तर आपल्या वतीने मजकूर रचून देणारी यंत्रेही आली आहेत. तोच मजकूर शाईच्या पेनने कागदावर उतरवून मग पाठवायचा, असा नियम कोणी स्वतःपुरता केला, तर किती मजकूर पाठवण्याच्या योग्यतेचा ठरेल?

हाताने लिहिणे ही आपल्या परंपरेत हौस नव्हती, शिस्त होती. बीड जिल्ह्यातून गोदावरी ओलांडली की जालना जिल्ह्यातील जांब लागते. ते समर्थ रामदासांचे जन्मग्राम. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेला दिला. अक्षर वाटोळे, सुटे असावे. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच वळणाचे असावे. भोवती समास इतका सोडावा की कागद झिजला तरी अक्षर झिजू नये. तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी तेच आपल्याला वाचता येणार नाही, इतका व्यवहारी विचार त्यात आहे. समर्थांच्या हातची वाल्मीकिरामायणाची प्रत आजही धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहे. उपदेश करणाऱ्याने तो आधी आचरला होता, याचा तो लेखी पुरावा होय.

अलीकडच्या काळात हे व्रत श्रीगुरुजींनी पाळले. अखंड प्रवासात असतानाही आलेल्या पत्रांना ते स्वतः उत्तरे लिहीत. ५ जून १९७३ रोजी त्यांचे निधन झाल्यावर जी तीन पत्रे उघडण्यात आली, ती २ एप्रिल रोजीच लिहून ठेवलेली होती. संघटनेची पुढची व्यवस्था, स्वतःचे स्मारक न करण्याची सूचना आणि सर्वांची क्षमायाचना, एवढे सारे तीन पत्रांत मावले. मोजके लिहिण्याची सवय आयुष्यभर असावी लागते, ती शेवटच्या आजारात येत नाही.

कोणी म्हणेल, फाउंटन पेन तरी कुठे आपले? ते पश्चिमेकडून आले, हे खरेच. परंतु १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी ‘हॉर्स ब्रँड’ शाईच्या पुड्या आणि गोळ्या काढल्या, पुढे ‘कॅमल’ शाईची दौत घराघरांत पोहोचली आणि ते पेन आपले झाले. संगणकावरही मराठी आज सुखाने नांदते आहे. तेव्हा वाद साधनाच्या मुळाचा नाही. कोणत्या कामास कोणते साधन, एवढाच प्रश्न आहे.

त्याचे उत्तर आता प्रयोगशाळेतूनही येऊ लागले आहे. नॉर्वेतील संशोधकांनी २०२४ साली ३६ विद्यार्थ्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. शब्द हाताने लिहिताना मेंदूच्या विविध भागांतील संपर्क, कळ दाबून टंकलिखित करण्यापेक्षा कितीतरी व्यापक आढळला. त्या प्रयोगातील लेखणीही पडद्यावर चालणारी होती, हे सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. किमया शाईची नव्हे, अक्षर वळवणाऱ्या हाताची आहे. शाईचे पेन त्यात एवढीच भर घालते की ते दाबून लिहू देत नाही, घाई सोसत नाही आणि चूक लपवू देत नाही.

हा सारा सुखवस्तू घरांचा स्मरणविलास आहे, असे वाटण्याचा संभव आहे. बीड जिल्ह्यात तरी तसे म्हणता येणार नाही. दसरा झाला की येथील ऊसतोड कुटुंबे बैलगाड्या आणि ट्रॅक्टरमधून कारखान्यांच्या वाटेला लागतात. मुकादमाने दिलेली उचल किती, फेडली किती, उरली किती, हे मुकादमाच्या वहीत असते. मजुराजवळ बहुधा असते ती केवळ आठवण. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी कागदावर अंगठा उमटवला, त्यांच्या मुलाच्या हाती आज भ्रमणध्वनी आहे आणि तोही त्यावर अंगठाच फिरवतो. अंगठ्यापासून लेखणीपर्यंतची वाट चालण्याआधीच तो दुसऱ्या अंगठ्यापाशी पोहोचला आहे. त्या मुलाने साध्या वहीत स्वतःच्या हाताने उचलीचा हिशेब तारखेसह मांडला, तर त्या घरातील ती पहिली दप्तरनोंद ठरेल.

विजयादशमीला आपण पाटीवर सरस्वती रेखून तिची पूजा करतो. त्याच सुमारास ही कुटुंबे गाव सोडतात आणि काही मुले हंगामी वसतिगृहात मागे राहतात. या वर्षी पूजेनंतर घरातील मुलाच्या हाती शाईचे पेन द्यावे आणि त्याच्याकडून आजी-आजोबांना एक पत्र लिहवून घ्यावे. दुसरे पेन आणि एक वही जवळच्या वसतिगृहातील मुलासाठी न्यावी. नुसती देऊन परतू नये. शेजारी बसून पहिले पान त्याच्याबरोबर लिहावे.