पलायनाची फूटपट्टी

मराठी समीक्षेत काही विशेषणे अशी आहेत की ती एकदा चिकटवली म्हणजे पुस्तक वाचण्याची गरजच उरत नाही. ‘पलायनवादी’ हे त्यांतले सर्वांत सोयीचे. बाबूराव अर्नाळकर पलायनवादी, चंद्रकांत काकोडकर पलायनवादी, फडके तर बोलूनचालून पलायनवादी. विद्यार्थ्यानेही परीक्षेत तेवढेच लिहावे आणि गुण घ्यावेत, अशी आपली व्यवस्था आहे.

अलीकडे या विशेषणाला शास्त्राचा टिळा लागला आहे. भाषा विभागांतल्या संशोधन-आराखड्यांत प्रश्नावल्या दिसू लागल्या आहेत. ‘कादंबरी वाचताना मी माझ्या अडचणी विसरतो/विसरते’ असे विधान, आणि समोर पूर्णतः सहमत ते पूर्णतः असहमत असे पाच रकाने. उत्तरांची बेरीज करायची, सरासरी काढायची, आणि रहस्यकथेचा वाचक हा वास्तवाला पाठ फिरवणारा असल्याचे ‘सिद्ध’ करायचे. समीक्षक निदान आपले मत म्हणून हे बोलत असे. आता तेच मत दशांश चिन्हासह येते, एवढाच फरक.

माझा विरोध मोजण्याला नाही. मराठीच्या अध्यापकाने आकड्यांकडे पाहून नाक मुरडणे हीही एक जुनीच खोड आहे. विरोध आहे तो चुकीची वस्तू मोजण्याला. पलायन हा ग्रंथाचा गुणधर्म नव्हे. ते एका माणसाचे त्याच्या त्या वेळच्या अस्वस्थतेशी असलेले नाते आहे. नात्याचे एकच टोक धरून लांबी कशी मोजणार?

ज्यांच्याकडून ही मापनश्रेणीची पद्धत उसनी आणली, त्या मानसशास्त्रज्ञांना हे आपल्याआधी कळले आहे, ही यातली गंमत. नॉर्वेतील फ्रोडे स्टेन्सेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 साली पलायनाचे दोन प्रकार वेगळे काढले. एकात माणूस स्वतःला दडपतो : नकोसे विचार, नकोशी जाणीव बाहेर ठेवण्यासाठी तो एखाद्या कृतीत बुडतो. दुसऱ्यात तो स्वतःचा विस्तार करतो : काही नवे, सुखद अनुभवावे म्हणून तीच कृती करतो. याच मांडणीवर 2023 साली हौशी धावपटूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दडपण्यासाठी धावणाऱ्यांत धावण्याचे व्यसन अधिक आणि समाधान कमी, तर विस्तारासाठी धावणाऱ्यांत समाधान अधिक, असा त्यातला परस्परसंबंध होता. धावणे तेच! आपण मात्र अजून कोणता रस्ता पलायनवादी आहे याचीच चर्चा करत बसलो आहोत.

साहित्याच्या बाजूने टॉल्किन यांनी 1939 च्या परीकथांवरील व्याख्यानात याच्या जवळचा भेद केला होता. बंदिवानाने कारागृहातून निसटणे वेगळे आणि शिपायाने रणांगण सोडून पळणे वेगळे. टीकाकार दोघांना एकाच मापाने मोजतात, ही त्यांची तक्रार. ती मराठीला तंतोतंत लागू पडते. फडके-खांडेकर वादात ‘कलेसाठी कला’ आणि ‘जीवनासाठी कला’ अशा दोन छावण्या पडल्या आणि पलायनाचा सगळा आरोप पहिल्या छावणीच्या वाट्याला आला. पण खांडेकरांचा ध्येयवादी नायक ज्या अश्रूंनी वाचला गेला, ते अश्रू ढाळून झाल्यावर वाचकाला जे हलके वाटले असेल, त्याला काय नाव द्यायचे? तो प्रश्न आपण कधी विचारला नाही, कारण उदात्त पलायन आपल्या श्रेणीत बसत नाही.

खरा मुद्दा अस्वस्थतेचा आहे. पलायन मोजायचे तर आधी माणूस कशापासून दूर जातो ते मोजावे लागेल. जॅनिस रॅडवे यांनी अमेरिकेतल्या एका गावातील प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास 1984 साली प्रसिद्ध केला. त्यात कथानकाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व वाचण्याच्या कृतीला मिळाले. हातात पुस्तक आहे तोवर ती बाई कोणाची आई नाही, कोणाची बायको नाही. तेवढा वेळ तिचा. रॅडवे त्या कादंबऱ्यांवर टीकाही करतात, तडजोड शिकवणाऱ्या म्हणून. पण टीकेपूर्वी त्यांनी त्या बायकांचा दिवस पाहिला. आपल्याकडे शैलजा राजे, योगिनी जोगळेकर, कुसुम अभ्यंकर यांच्या कादंबऱ्या फिरत्या वाचनालयांतून घरोघरी गेल्या. ते पुस्तक दुपारी भांडी आवरल्यानंतर कोणत्या अर्ध्या तासात उघडले गेले, याची नोंद किती प्रबंधांत आहे? ‘स्वप्नरंजन’ हा शब्द मात्र हमखास सापडेल.

वास्तव कोणते हेही प्रश्नावलीत आधीच ठरलेले असते. विरारहून चर्चगेटला उभ्याने जाणाऱ्या माणसाला वास्तव शिकवायला कादंबरी लागत नाही. ते त्याच्या पायांत आहे. त्याने लोकलमध्ये झुंजार किंवा काळापहाड वाचला तर तो वास्तवापासून पळाला, आणि मी घरी पंख्याखाली बसून ‘बलुतं’ वाचले तर वास्तवाला भिडलो, हे कोणी ठरवले? 1978 साली ‘बलुतं’ आले तेव्हापासून पांढरपेशा वाचकांचा एक वर्ग दुसऱ्याचे दुःख वाचून स्वतःला संवेदनशील ठरवत आला आहे. वाचले, गहिवरलो, सुटलो. घरातला व्यवहार जिथल्या तिथे. स्टेन्सेंग यांच्या भाषेत हे दडपणेच आहे, आणि आमच्या अभ्यासमंडळांना ते सर्वाधिक मान्य आहे. ‘कोसला’चेही तसेच. तिचे 1963 नंतरचे मोठेपण मला मान्य आहे, पण वसतिगृहाच्या खोलीत पांडुरंग सांगवीकराचा तुटकपणा अंगावर पांघरून परीक्षेपासून, घरापासून आणि नोकरीच्या शोधापासून दडून बसलेली मुले मी दरवर्षी पाहतो. त्यांना कोणी पलायनवादी म्हणत नाही. ती ‘गंभीर वाचक’ असतात.

आणि ही मुले प्रश्नावली भरतात तेव्हा काय लिहितात? मराठीच्या वर्गात ‘आवडते लेखक’ विचारा. ज्ञानपीठ मिळालेल्या चौघांची नावे आळीपाळीने येतील. बाक तपासा, बाकाखाली निराळेच काही निघेल. विचारणारा गुण देणारा असेल तर उत्तरात आवड येत नाही, आदर येतो. त्यातून निघालेली सरासरी वाचनाची नसते, शिष्टाचाराची असते. या संकोचाची किंमत मोठी आहे : एम. ए. होऊन बाहेर पडणारा विद्यार्थी आपल्याला खरोखर कशाने धरून ठेवले होते ते सांगू शकत नाही, आणि तोच पुढे अध्यापक होतो.

संशोधन करायचेच असेल तर एकाच पुस्तकाचे वीस वाचक घ्या. त्यांच्या कामाचे तास विचारा, घरात स्वतःची जागा आहे का ते विचारा, पुस्तक मिटल्यानंतरच्या तासात त्यांनी काय केले ते विचारा. गुण देणाऱ्याने विचारू नका. काम कटकटीचे आहे आणि त्यात सरासरी सुबक येणार नाही.

अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आज त्यांतली एकही नाही. जुन्या दाखलवहीत काही नावे आहेत, आणि त्यांच्यापुढे लाल शाईने लिहिले आहे : ‘जीर्ण, पाने सुटी, निर्लेखित.’ त्याच पानावर त्याच वर्षी आलेले सौंदर्यशास्त्रावरचे तीन ग्रंथ आहेत. ते अजून कोरे करकरीत आहेत.