खेड्याचें गाऱ्हाणें आणि शुक्रवारचे अडीच तास

उसाचें बिल कारखान्याकडून वेळेवर निघालें नाहीं, तर त्याची झळ आधीं शेतकऱ्यास व पाठोपाठ पेठेंतील दुकानदाराच्या उधारीच्या वहीस लागते, हें कोल्हापूरकडील व्यापाऱ्यांस आम्हीं सांगावयास नको. उसाचा रास्त व किफायतशीर दर दिल्लींत ठरतो. १४ दिवसांत पैसे न दिल्यास दरसाल शेंकडा १५ व्याज द्यावें, हा हुकूमहि केंद्राचाच. तेव्हां शिरोळच्या बांधावरची तक्रार लोकसभेंत नेणें म्हणजे राष्ट्राच्या सभेंत गांवकीचा तंटा आणणें, हा शहरी शहाण्यांचा आक्षेप आम्हांस फोल वाटतो.

हातकणंगल्याचे तेव्हांचे खासदार रा. राजू शेट्टी यांनीं २०१८ सालीं शेतकऱ्यांची कर्जमुक्ति व किफायतशीर हमीभाव यांविषयीं दोन खाजगी विधेयकें मांडिलीं. उसाच्या फडांतील मागणी त्यांनीं साऱ्या देशाची केली. ती सर्वस्वीं व्यवहार्य होती, असें आमचें म्हणणें नाहीं. हमीभावाचा बोजा कोणीं सोसावा, हा हिशेब व्यापाऱ्यांनीं अवश्य मागावा. पण हिशेब होण्यास सवड नको काय? खाजगी विधेयकांस शुक्रवारचे अखेरचे अडीच तास, तेहि एका शुक्रवाराआड! १९७० नंतर असें एकहि विधेयक कायदा झालेलें नाहीं. २०१९ सालीं लोकसभा विसर्जित होतांच हीं दोन्हीं विधेयकेंहि रद्द झालीं.

सरकारास अशीं विधेयकें नाकारावयाचीं असतील, तर खुशाल नाकारावीं. पण सभागृहाचें मत घेऊन नाकारावीं. मतदारांनींहि पुढील खेपेस उमेदवारास रस्त्या-गटारांबरोबर एवढें विचारावें कीं, शुक्रवारीं तिसऱ्या प्रहरीं आपण सभागृहांत असाल, कीं परतीच्या गाडींत?