समुद्राची खतावणी

मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडे पारा ४५ अंशांना टेकतो. अशा दिवसांत उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्राचा विषय काढला, तर घरची मंडळीच हसतात. "आधी गिरणेचं आवर्तन कधी सुटणार ते बघा!" तरीही तो विषय आज काढतो आहे.

नॉर्वेच्या उत्तरेला स्पिट्सबर्गन बेटावर कोंग्सफ्योर्ड नावाची खाडी आहे. तिच्या काठी २००८ साली भारताचे 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र सुरू झाले. जुलै २०१४ मध्ये गोव्याच्या ध्रुवीय संशोधन संस्थेने आणि चेन्नईच्या सागरी तंत्रज्ञान संस्थेने मिळून या खाडीत १९२ मीटर खोल पाण्यात 'इंडआर्क' ही यंत्रमाळ सोडली. तळाशी वजन, वर तरंगते गोळे आणि मधल्या दोराला निरनिराळ्या खोलीवर बांधलेली यंत्रे. ती पाण्याचे तापमान, खारटपणा आणि प्रवाह टिपत राहतात. पुढे माळ वर काढायची, नोंदी उतरवायच्या आणि पुन्हा सोडायची.

एवढा खटाटोप का? अटलांटिकचे कोमट, खारे पाणी वाहत वाहत इथवर येते. बर्फ वितळून झालेले गोडे पाणी हलके, ते वर राहते. खारे पाणी जड, ते खालून सरकते. साध्या पाण्यात बुडणारे अंडे मिठाच्या पाण्यात तरंगते, ते याच कारणाने. मुलांनी करून पाहावे. ही खालची ऊब उपग्रहाला दिसत नाही. ती पाण्यात उतरूनच मोजावी लागते, आणि तिथल्या चार महिन्यांच्या अंधारातही.

यात खानदेशाचे काय, असे कोणी विचारील. आर्क्टिकमधले बदल आणि आपला मान्सून यांचे नाते तपासणे हा या कामाचा एक हेतू आहे. पण यंदा पाऊस कसा होईल हे ही माळ सांगणार नाही, आणि तसे आश्वासन कोणी देऊही नये.

मी बँकेत पीककर्जे मंजूर करीत असे. एका सालचा भरघोस कापूस पाहून मी दिलेली काही कर्जे पुढच्या दोन वर्षांत थकली. दोष शेतकऱ्यांचा नव्हता. त्यांची मागली दहा वर्षे मीच पाहिली नव्हती. समुद्रही एका सालाने ओळखता येत नाही. म्हणून काटकसरीच्या नावाखाली अशा मोजणीला कात्री लागू नये, असे मला वाटते. गाळलेल्या वर्षाची नोंद मागाहून करणे बँकेत गुन्हा होता. समुद्रात ती करताच येत नाही.