धार्मिक व्यासपीठांवरील चिथावणीखोर भाषणांना वेळीच पायबंद घालण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा जिल्हादंडाधिकारी, बीड
मा. पोलीस अधीक्षक, बीड

विषय : धार्मिक कार्यक्रमांच्या व्यासपीठावरून होणारी द्वेषमूलक व हिंसेला चिथावणी देणारी भाषणे रोखण्यासाठी परवानगीच्या टप्प्यापासूनच कार्यवाही करणेबाबत.

संदर्भ : १) सर्वोच्च न्यायालयाचा तहसीन पूनावाला प्रकरणातील दि. १७ जुलै २०१८ चा निकाल.
२) सर्वोच्च न्यायालयाचे शाहीन अब्दुल्ला प्रकरणातील दि. २१ ऑक्टोबर २०२२ व दि. २८ एप्रिल २०२३ चे आदेश.
३) भारतीय न्याय संहिता, २०२३, कलम १९६ व ३५३.
४) धार्मिक संस्था (गैरवापर प्रतिबंध) अधिनियम, १९८८.

महोदय,

३० मार्च २०२५ च्या पहाटे, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी आणि रमजान ईद तोंडावर असताना, गेवराई तालुक्यातील अर्धामसला येथील मशिदीत जिलेटिनच्या कांड्यांचा स्फोट झाला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. पोलिसांनी त्याच दिवशी दोन तरुणांना अटक केली आणि पुढे बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंधक) अधिनियमाची कलमेही लावली. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. त्या तरुणांनी कोणाचे काय ऐकले होते, याबद्दल आम्ही कोणतेही अनुमान काढत नाही. याच गेवराईचा झबिउद्दीन अन्सारी ऊर्फ अबू जुंदाल याला २००६ च्या औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरणात विशेष मोक्का न्यायालयाने २०१६ मध्ये जन्मठेप सुनावली, हेही जिल्हा विसरलेला नाही. या दोन प्रकरणांची बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही. मात्र धर्माच्या नावाने टोकाला जाणे ही एकाच समाजाची मक्तेदारी नाही, हे एका तालुक्याच्या इतिहासावरूनही दिसते. दोन्ही वेळा यंत्रणा हलली ती स्फोटके जमवली गेल्यावर किंवा फुटल्यावर. त्याच्या कितीतरी आधी, म्हणजे द्वेषाची भाषा जाहीरपणे बोलली जाते तेव्हाच हस्तक्षेप करण्याचे अधिकार कायद्याने आपणांस दिलेले आहेत. ते अधिकार वेळेवर आणि सर्व धर्मांच्या व्यासपीठांसाठी एकाच मापाने वापरले जावेत, एवढेच या निवेदनाचे म्हणणे आहे.

धार्मिक व्यासपीठाचा वेगळा विचार का करायचा, हा पहिला प्रश्न. राजकीय सभेतला श्रोता पुढाऱ्याचे बोलणे निम्मे सोडून देतो. तो विरोधकांचेही ऐकतो आणि पाच वर्षांनी मत बदलतो. सप्ताहाच्या मंडपात, जुम्याच्या खुतब्याला किंवा रात्रीच्या जलशात बसलेला माणूस श्रद्धेने आलेला असतो. तिथे प्रश्न विचारण्याची रीत नाही आणि प्रतिवाद करायला दुसरा वक्ता नाही. समोरच्याचे शब्द तो उपदेश म्हणून घेतो. बीड जिल्ह्यात तर गडांचा, फडांचा आणि मठांचा शब्द गावाच्या राजकारणापासून सोयरिकीपर्यंत पोहोचतो. २०१६ मध्ये भगवानगडाच्या महंतांनी गडावरून राजकीय भाषण होणार नाही, अशी भूमिका घेतली. त्या वर्षीचा दसरा मेळावा गडाच्या पायथ्याशी घ्यावा लागला आणि पुढच्या वर्षापासून तो सावरगाव घाटला गेला. जानेवारी २०२५ च्या अखेरीस, मस्साजोगच्या सरपंच हत्या प्रकरणाने जिल्हा ढवळून निघालेला असताना, त्याच गडावरून या प्रकरणावरून टीका होत असलेल्या तत्कालीन मंत्र्यांची पाठराखण झाली आणि राज्यभर तीव्र प्रतिक्रिया उमटल्या. काही दिवसांतच हत्या झालेल्या सरपंचांचे देशमुख कुटुंबीय गडावर गेले आणि गड त्यांच्याही पाठीशी असल्याचे महंतांना सांगावे लागले. ही विधाने द्वेषमूलक होती, असे आम्ही म्हणत नाही. गडाच्या शब्दाचे वजन किती, हे त्यांतून कळते. हेच वजन एखाद्याने परधर्मीयांच्या किंवा दुसऱ्या जातीच्या विरोधात वापरले, तर काय होईल याचा अंदाज जिल्ह्यातील कोणालाही करता येईल. सर्वोच्च न्यायालयाने अमिश देवगण प्रकरणात (७ डिसेंबर २०२०) हेच तत्त्व मांडले आहे : ज्यांच्या शब्दाला समाजात अधिकार आहे, त्यांच्यावर बोलण्याची जबाबदारीही अधिक असते.

अशा शब्दांचा परिणाम भाषणाच्या गावापुरता राहत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सिन्नर तालुक्यातील शहा पंचाळे येथील हरिनाम सप्ताहात सरला बेटाचे महंत रामगिरी महाराज यांनी इस्लामच्या प्रेषितांविषयी केलेल्या विधानांवरून राज्यात अनेक ठिकाणी गुन्हे दाखल झाले. वैजापूर आणि छत्रपती संभाजीनगरात जमाव रस्त्यावर उतरले. महिना उलटायच्या आत अहिल्यानगर जिल्ह्यात महंतांच्या समर्थनार्थ झालेल्या कार्यक्रमांत एका आमदाराने मशिदीत घुसून मारण्याची भाषा केली आणि त्यावरही गुन्हे नोंदवावे लागले. त्याच वर्षी ३१ जानेवारीला जुनागढ येथे झालेल्या तकरीरीवरून मुंबईचे मुफ्ती सलमान अझहरी यांना गुजरात पोलिसांनी ताब्यात घेतले, तेव्हा घाटकोपर पोलीस ठाण्याबाहेर मोठा जमाव जमून वाहतूक ठप्प झाली. या प्रकरणांत दोषी कोण, हे न्यायालये ठरवतील. घटनांचा क्रम मात्र सारखाच आहे : एका व्यासपीठावरचे वाक्य, त्याची मोबाइलवर फिरणारी क्लिप, दुसऱ्या बाजूचा जमाव, त्याला उत्तर म्हणून पहिल्या बाजूची आणखी कडवी भाषा. वक्ता दुसऱ्या दिवशी पुढच्या जिल्ह्यात पोहोचलेला असतो. मागे उरते ते गाव, जिथे दोन्ही समाजांची शेते बांधाला बांध लागून आहेत आणि आठवडी बाजारात एकमेकांच्या पालांवरूनच खरेदी होते. दसऱ्यानंतर आपल्या जिल्ह्यातून लाखो ऊसतोड मजूर सहा-सहा महिने कारखान्यांवर जातात. मागे राहिलेली म्हातारी माणसे आणि जनावरे शेजाऱ्यांच्या भरवशावर असतात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर अमुक जातीच्या दुकानातून माल घेऊ नका, ही भाषा जिल्ह्याने ऐकली आहे. अशा भाषेला धर्मपीठाचा आधार मिळाला, तर हातावर पोट असलेली कुटुंबेच आधी भरडली जातील.

यासाठी नवा कायदा लागत नाही. वैरभाव वाढवणाऱ्या वक्तव्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण तेच कृत्य पूजास्थानी किंवा धार्मिक विधीसाठी जमलेल्या मेळाव्यात केले, तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते. कलम ३५३ मध्येही तशीच तरतूद आहे. धार्मिक प्रसंगाचा गैरवापर अधिक गंभीर आहे, हे संसदेनेच ठरवलेले आहे. १९८८ च्या अधिनियमानुसार समाजासमाजांत द्वेष वाढवण्यासाठी धार्मिक संस्थेची जागा वापरू देणारे व्यवस्थापकही पाच वर्षांपर्यंतच्या शिक्षेस पात्र ठरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात नोडल अधिकारी नेमण्यास आणि चिथावणीखोर भाषणे करणाऱ्यांची माहिती ठेवणारे पथक उभारण्यास सांगितले. २०२२ मध्ये दिल्ली व दोन राज्यांपुरता दिलेला आदेश २०२३ मध्ये सर्व राज्यांना लागू झाला : तक्रारीची वाट न पाहता आणि बोलणाऱ्याचा धर्म न पाहता गुन्हा नोंदवा, चालढकल हा न्यायालयाचा अवमान समजला जाईल. उणीव आहे ती अंमलबजावणीत. सण-उत्सवांत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालील आदेश निघतात, पण परवानगीच्या अर्जात वक्ता कोण, त्याच्यावर आधी गुन्हे आहेत का, याची विचारणा क्वचितच होते. गुन्हा दाखल झाला तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१७ नुसार लागणारी मंजुरी रखडते आणि खटला उभा राहत नाही. मनात आणले तर काय होते, हेही देशाने पाहिले आहे. २६ डिसेंबर २०२१ रोजी रायपूरच्या धर्मसंसदेत महात्मा गांधींविषयी बोललेल्या अकोल्याच्या कालीचरण महाराजांना छत्तीसगड पोलिसांनी चार दिवसांत शेजारच्या राज्यातून, खजुराहो परिसरातून अटक केली होती.

या मागणीवर काही आक्षेप घेतले जातील आणि ते वाजवी आहेत. पहिला, धर्मस्वातंत्र्याचा. संविधानाच्या अनुच्छेद २५ ने दिलेले धर्मपालनाचे आणि प्रसाराचे स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. ही अट त्याच अनुच्छेदाच्या पहिल्या ओळीत आहे, ती आम्ही घातलेली नाही. दुसरा, अनुयायाने केलेल्या कृत्याचा दोष वक्त्याला का, हा. दोष कृत्याचा नव्हे, चिथावणीचा आहे. कलम १९६ चा गुन्हा पुढे दगड पडो वा न पडो, बोलण्यानेच पूर्ण होतो. तिसरा, कारवाईने वक्ता हुतात्मा ठरतो आणि त्याचा अनुयायीवर्ग वाढतो. हे घडते खरे, पण मुख्यतः तेव्हा, जेव्हा कारवाई उशिरा, दबावाखाली आणि गाजावाजा करून होते. प्रत्येक आयोजकाला सारखीच अट, प्रत्येक भाषणाची सारखीच नोंद आणि ठरलेल्या मुदतीत निर्णय, अशी दफ्तरी शिस्त असली की तिच्यातून नायक घडत नाही. चौथा आक्षेप मोठ्या गर्दीचा : हजारोंच्या मंडपात पोलीस भाषण कसे थांबवणार? भर मंडपात थांबवूच नये, त्यातून चेंगराचेंगरी आणि दंगा होईल. म्हणूनच आमचा भर कार्यक्रमापूर्वीच्या अटींवर आणि कार्यक्रमानंतरच्या गुन्हा नोंदणीवर आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप पक्षपाताचा आहे. आज एका धर्माच्या वक्त्यावर आणि उद्या सत्तेला न आवडणाऱ्या प्रत्येकावर हेच हत्यार उगारले जाईल, ही भीती निराधार नाही. धर्माची चिकित्सा करणाऱ्यांविरुद्ध भावना दुखावल्याची कलमे अनेकदा वापरली गेली आहेत. ज्या महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर (२०१३) आणि कॉ. गोविंद पानसरे (२०१५) यांचे खून झाले, तिथे धर्मचिकित्सेचा आवाज दाबणारी कोणतीही मागणी आम्ही करणार नाही. म्हणूनच न्याय संहितेतील धार्मिक भावना दुखावण्याविषयीच्या कलम २९९ चा आग्रह आम्ही धरलेला नाही. रूढींवर, कर्मकांडावर, बुवाबाजीवर, अगदी धर्मग्रंथांवरही कठोर टीका करण्याचा अधिकार अबाधित राहिला पाहिजे. वारकरी परंपरेतील संतांनी तो आयुष्यभर वापरला. गुन्हा ठरावा तो माणसांच्या समूहाला मारा, हाकला, वाळीत टाका, असे सांगण्याचा. हा फरक करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या २०१२ च्या रबात कृती आराखड्यात सहा कसोट्या आहेत : प्रसंगाची पार्श्वभूमी, वक्त्याचे समाजातील स्थान, त्याचा हेतू, भाषणाचा आशय व शैली, त्याचा प्रसार आणि प्रत्यक्ष अनर्थ घडण्याची शक्यता. निर्णय या कसोट्यांवर लेखी कारणांसह झाला, तर अधिकाऱ्यालाही बाहेरच्या दबावापुढे आधार मिळेल. समानतेचा आग्रह या जिल्ह्याला परका नाही. महादजी शिंदे यांनी बीडच्या मन्सूरशाह यांना गुरू मानले होते आणि अर्धामसल्यात स्फोटाच्या आदल्या रात्री निघालेल्या उरुसाच्या मिरवणुकीत दोन्ही समाज सहभागी होते. २०२५ मध्ये बीड पोलिसांनी आपल्या नामफलकांवरून आडनावे काढली. तेव्हा दाखवलेली निष्पक्षतेची भूमिका आता कारवाईतही दिसावी.

वरील विवेचनास अनुसरून आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत :

१) तहसीन पूनावाला निकालानुसार जिल्ह्याच्या नोडल अधिकाऱ्याचे नाव व संपर्क क्रमांक प्रत्येक पोलीस ठाणे, तहसील कार्यालय व ग्रामपंचायतीत ठळकपणे लावावेत.

२) सर्व धर्मांच्या जाहीर धार्मिक कार्यक्रमांच्या परवानगी अर्जात वक्त्यांची नावे व आयोजकांचे हमीपत्र घ्यावे. ज्या वक्त्यावर कलम १९६ किंवा ३५३ खाली गुन्हा नोंद आहे, त्याला व आयोजकांना आगाऊ लेखी नोटीस द्यावी. गरजेनुसार नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली बंधपत्र घ्यावे.

३) अशा वक्त्यांच्या कार्यक्रमांचे पोलिसांनी संपूर्ण चित्रीकरण करून जपून ठेवावे, म्हणजे अर्धवट क्लिपवरून ना कोणी अडकेल, ना कोणी सुटेल.

४) दखलपात्र वक्तव्य आढळताच तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवावा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) खालील प्राथमिक चौकशी केल्यास ती चौदा दिवसांच्या मुदतीतच संपवून निष्कर्ष तक्रारदारास लेखी कळवावा.

५) कलम ३५३(२) व (३) च्या प्रकरणांत खटल्यास मंजुरी देण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांनाही आहे, तो तीस दिवसांत वापरावा. कलम १९६ चे प्रस्ताव त्याच मुदतीत राज्य शासनाकडे पाठवावेत.

६) मंदिरे, मठ, मशिदी, दर्गे, चर्च व विहार यांच्या विश्वस्तांना १९८८ च्या अधिनियमाखालील जबाबदारीची लेखी जाणीव करून द्यावी.

७) श्रावण ते दसरा आणि रमजान या काळांपूर्वी तालुकानिहाय शांतता समितीच्या बैठकांत कीर्तनकार, इमाम, भन्ते व धर्मगुरूंना बोलवावे. द्वेषाच्या भाषेविरुद्ध तेच उभे राहिले, तर त्यांचे अनुयायी कोणत्याही नोटिशीपेक्षा त्यांचे अधिक ऐकतील.

८) तक्रारी, दाखल गुन्हे, दोषारोपपत्रे व प्रलंबित मंजुरी यांची आकडेवारी दर तीन महिन्यांनी प्रसिद्ध करावी. धर्मचिकित्सा, उपहास किंवा प्रबोधन यांविरुद्धच्या तक्रारी रबात आराखड्यातील सहा कसोट्यांवर तपासून, निराधार असल्यास लेखी निकाली काढाव्यात.

यांपैकी कोणत्याही मागणीसाठी नवे पद वा नवा कायदा लागत नाही; क्रमांक १, २ आणि ६ यांवर तर आपल्या सहीने याच महिन्यात परिपत्रक निघू शकते. तरी या निवेदनावर काय कार्यवाही झाली, ते तीस दिवसांच्या आत लेखी कळवावे आणि जी मागणी मान्य होणार नाही तिची कारणेही द्यावीत, ही विनंती.

आपले विश्वासू,
बीड जिल्ह्यातील नागरिक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीस्तव :
१) मा. विभागीय आयुक्त, छत्रपती संभाजीनगर
२) मा. अपर मुख्य सचिव, गृह विभाग, मंत्रालय, मुंबई